माझ्या छातीतला खकाणा

सगळ्यात आधी एक सांगून टाकते. मला टीबी झाला नव्हता. बेल्ह्यात, आळ्यात आणि आमच्या पाहुण्यारावळ्यांत ज्यांनी ज्यांनी तो मला परस्पर देऊन टाकला, त्यांनी तो परत घ्यावा. मला झालं ते वेगळंच होतं आणि ते मला माझ्याच कामाच्या जागेतल्या हवेनं दिलं. त्या हवेची वाट मीच बुजवली होती, माझ्या या दोन हातांनी. आजारी पडले म्हणून मला कुणाची कीव नको. पण कांडपात, गिरणीत, पेंडीच्या नाहीतर भुशाच्या गोदामात दार लोटून काम करणारं कुणी हे वाचत असेल, तर वाचून झाल्यावर त्यानं उठावं आणि आपल्या जागेत हवा येते कुठून आणि जाते कुठून, ते बघावं. तेवढ्यासाठी लिहितेय.

कांडप

माझं नाव मंदा. बेल्ह्यात बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मिरची कांडप आहे. आमच्या ह्यांचा टेम्पो आणि थोडी शेती, पण कांडप माझं एकटीचं. लग्नाआधी शिवणकाम शिकले होते, ते सोडून यात शिरले आणि अठरा हंगाम काढले. मदतीला शांताबाई. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, मिरचीची देठं खुडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

गाळा शेठचा. शेजारीच त्यांचं किराणा दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ बोलायला लागले की ते आमच्यापेक्षा जास्त बेल्ह्याचे वाटतात. गाळ्याला पुढून शटर, आणि मागच्या भिंतीत वर, छताजवळ, एक एक्झॉस्ट पंखा. तो मशीनबरोबर आलेल्या माणसानंच बसवून दिला होता.

होळीच्या आसपास बायका यायला लागतात आणि पाऊस पडेपर्यंत उसंत नसते. वर्षाचा मसाला म्हणजे आमच्याकडे घरातलं मोठं कार्यच. मिरची उन्हात कडक वाळवायची, धणे, खोबरं, तीळ, खडा मसाला भाजायचा, डबे भरायचे आणि कांडपावर येऊन स्वतः समोर बसायचं. डबा ठेवून निघून जाणारी बाई मी पाहिली नाही. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळेल, खोबरं कमी होईल, या भीतीनं प्रत्येकजण डोळ्यात तेल घालून बसते. येताना वजन, जाताना वजन. कांडताना, चाळताना जे उडतं, उखळाला चिकटतं, त्याला घट म्हणायचं. घट होणारच, हे प्रत्येकीला माहीत असतं आणि प्रत्येकजण त्यावरून भांडतेच.

आणि उडतं ते काय? खकाणा. ज्याला ठाऊक नाही त्यानं तव्यावर लाल मिरची जाळून बघावी. मी त्या खकाण्यात दिवसाचे दहा तास उभी असायची आणि मला शिंकसुद्धा येत नाही, याचा मला केवढा तोरा होता!

पोतं

माझी मोठी नणंद इंदूवन्सं, आळ्याला दिलेली. आळ्यात दोन कांडपं असताना त्या मसाला घेऊन माझ्याकडे येतात, आणि त्याचे उपकार वर्षभर ऐकवतात. सहा वर्षांपूर्वी त्यांनी असाच मसाला आणला. कांडून झाला, काट्यावर ठेवला, तर ओंजळभर कमी भरला. त्यांनी आधी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वर भिंतीतल्या पंख्याकडे. पंख्याची पाती लाल झालेली.

"मंदे, हे काय गं? तुझा पंखाच खातोय की माझा मसाला!"

रांगेत बसलेल्या दहा-बारा बायकांनी एकदम माना वर केल्या. दुसरी म्हणाली, "तरीच मागल्या वक्ताला माझा बी कमी भरला व्हता." तिसरीनं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

माझं तोंड मिरचीपेक्षा लाल झालं. इतक्या वर्षांतली माझी सगळी कमाई काय, तर मंदा चिमूटभर कुणाचं ठेवत नाही, हे नाव. तेच सगळ्यांसमोर पंख्याच्या पात्यावर लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढले, पंखा बंद केला आणि त्या भोकात गोणपाटाचं पोतं कोंबून टाकलं. वरून लाकडी फळी ठोकली. शटरही अर्धं खाली ओढायला लागले, वाऱ्यानं भुकटी उडू नये म्हणून.

घट खरंच थोडी कमी झाली. शेठ येऊन आभार मानून गेले, कारण मागच्या बोळात त्यांच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं शिंकायची थांबली. आणि गावागावांत नाव झालं, की मंदाच्या कांडपावर मसाला उडत न्हाई. गर्दी दुप्पट झाली. मी खूश होते. इतकी खूश, की आता आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

खोकला

पहिल्या वर्षी खोकला आला. कांडपवालीला खोकला यायचाच, असं म्हणून गूळ-आलं खाल्लं. पाऊस पडला, हंगाम संपला, खोकला गेला. दुसऱ्या वर्षी संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला. अंग मोडून यायचं, रात्री जेवण जायचं नाही. बाजाराच्या दिवशी जास्त गर्दी, त्या दिवशी जास्त ताप. मी म्हटलं, उन्हाचा ताप. जुलैत परत ठणठणीत. तिसऱ्या वर्षी ब्लाउज ढगळ व्हायला लागले तेव्हा बायका म्हणाल्या, "बरं झालं, बारीक झाली." दर वर्षी पावसाबरोबर बरी व्हायची, म्हणून दर वर्षी दुखणं विसरायचे. पावसाळ्यात कांडप बंद असतं, हा हिशेब माझ्या डोक्यात कधी आलाच नाही.

चौथ्या वर्षी हंगाम संपला तरी खोकला गेला नाही. माघी गणपतीला आम्ही लेण्याद्रीला गेलो. दरवर्षी मी पायऱ्या चढून आधी वर पोचायची आणि आमचे हे मागून धापा टाकत यायचे. त्या वर्षी निम्म्याच्याही खाली मी कठड्याला धरून उभी राहिले. हवा आत जाईचना. डोलीवाला आशेनं जवळ आला, "ताई, बसा, नेतो वर." मी त्याला हात केला आणि खाली वळले. ह्यांच्या हातातला नारळ तसाच घरी आला. ज्या बाईनं पन्नास किलोची मिरचीची गोणी एकटीनं ओढली, तिला पायरी चढवेना, याचा मला भीतीपेक्षा राग जास्त आला.

व्यवसाय : गृहिणी

मग सुरू झाली डॉक्टरांची वारी. गावातल्या डॉक्टरांनी औषधं बदलून बघितली. नारायणगावला एक्स-रे काढला, फोटोत दोन्ही फुप्फुसांवर धुकं धरल्यासारखं दिसलं. थुंकी तपासली, एकदा, दोनदा, तीनदा. काही सापडलं नाही. तरी ताप, खोकला आणि वजन कमी म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. इंदूवन्सं भेटायला आल्या, दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि नातवाला म्हणाल्या, "मामीआजीच्या जवळ नगं जाऊ रं." पोरगं माझ्याकडे धावत यायचं ते मध्येच थबकलं. टीबी असता तरी औषधानं बरा होतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मला आज कळतं. त्या दिवशी मी नुसती भिंतीकडे तोंड करून पडले.

शेवटी माझी मुलगी स्नेहल, ती मंचरला औषधांच्या दुकानात कामाला आहे, हट्टानं मला पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. छातीच्या डॉक्टर बाई होत्या. चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या, पण डोळे भारी तीक्ष्ण. त्यांनी फाइल चाळली आणि सहज विचारलं, "घरीच असता ना?"

"कोण म्हणलं?"

"इथं लिहिलंय." त्यांनी केसपेपर माझ्याकडे फिरवला. नाव, वय, गाव, आणि पुढं, व्यवसाय : गृहिणी.

मी मागचे सगळे कागद मागून घेतले. नारायणगावचा, गावातला, एक्स-रेवाल्याचा. सगळीकडे गृहिणी. एकानंही मला विचारलं नव्हतं. खिडकीवर हे उभे राहायचे, नाव-गाव सांगायचे, आणि आतला माणूस बाई बघून पुढचा रकाना आपणच भरून टाकायचा. ह्यांनीही कधी खोडून काढलं नाही. मला धाप लागत होती, तरी मी जेवढ्या मोठ्यानं बोलता येईल तेवढ्या मोठ्यानं बोलले.

"खोडा ते. मिरची कांडप चालवते मी, सोळा वरसं. मालक हाय मी."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते आतापर्यंत कुणीच विचारले नव्हते. गाळा केवढा? दारं किती? भुकटी उडते ती कुठं जाते? ओली, बुरशी आलेली मिरची असते का कधी? त्रास कोणत्या महिन्यांत होतो? पंखा आहे का?

"हाय," मी म्हटलं, आणि मग मान खाली घालून सांगितलं, "पण त्यात पोतं कोंबलंय."

"कुणी?"

"मीच."

स्नेहलनं माझ्याकडे बघितलं. तिलाही हे माहीत नव्हतं.

स्कॅन झालं, रक्त तपासलं, नळीत फुंकायला लावून श्वास मोजला. डॉक्टर बाईंनी सांगितलं ते मला समजलं तेवढं असं, की बुरशीची आणि मसाल्याची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत गेली, फुप्फुसांनी तिच्याशी वैर धरलं आणि आता ती आतून सुजलीत. थोडा भाग कायमचा कडक झालाय. बाकीचा अजून वाचवता येईल. मी पहिल्यांदा विचारलं ते, "मरंन का?" त्या म्हणाल्या, "धूळ थांबली तर नाही." इतकं सरळ उत्तर मला त्या पूर्ण दुखण्यात मिळालं नव्हतं. मी तिथंच रडले, आणि रडताना खोकले, आणि खोकताना मला हसू आलं.

वॉर्ड

अकरा दिवस होते. नाकात ऑक्सिजनची नळी, पहाटे साडेपाचला थर्मामीटर, सहाला पाणीदार चहा, दहाला डॉक्टरांचा राऊंड. स्टिरॉइडनं तोंड फुगलं आणि भूक अशी लागली की जेवणाची गाडी यायच्या आधी मी चमचा हातात धरून बसायची. शेजारच्या खाटेवर खडी मशीनवर काम केलेली एक आजी होती. तिची फुप्फुसं दगडाच्या धुळीनं गेलेली. तिला विचारलं, तुमच्या तिथं पाणी मारत नव्हते का धुळीवर? ती म्हणाली, "मुकादम म्हनायचा, पानी मारल्यावर खडी ओली व्हती, गिऱ्हाईक घेत न्हाई." मुकादमाला शिव्या देणार होते, पण माझं पोतं आठवलं.

एक मावशी वॉर्ड पुसायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी फडका बाजूला ठेवला, हात धुतले आणि माझे गुंतलेले केस विंचरून वेणी घालून दिली. नळी लावून हात वर होत नव्हते, आणि ते त्यांनी न सांगता ओळखलं होतं. त्या वेणीनं मला औषधाइतकं बरं वाटलं.

सुट्टी व्हायच्या आदल्या दिवशी हे खाटेजवळ बसले. म्हणाले, "मशीन इकायला काढलंय. एक जण बघून बी गेला."

"कुणाला इचारून?"

"आता काय इचारायचं? डॉक्टर म्हणल्या ना, धूळ बंद."

"धूळ बंद म्हणल्या. कांडप बंद न्हाई म्हणल्या."

"मंदे, मला तू पाह्यजेल. कांडप नगं." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. आमचे हे माझ्यासमोर कधी रडले नव्हते. मला त्यांचा कळवळा आला आणि तरी मी ऐकलं नाही. सकाळी राऊंडला डॉक्टर बाईंना मीच विचारलं.

त्यांनी श्वासाच्या आकड्याचा कागद पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, की डॉक्टर म्हणून माझा सल्ला एकच, काम सोडा. मी म्हटलं, मी सोडलं तरी ते मशीन दुसरी कुणी घेईल, तिथंच पोतं कोंबून उभी राहील आणि तिच्याही कागदावर गृहिणीच लिहितील. मी उभी राहून दाखवते, तुम्ही अटी सांगा. त्यांनी अटी सांगितल्या. चार महिने कांडपाचं तोंड बघायचं नाही. त्यानंतर जायचं तर धूळ उडते तिथंच ओढून बाहेर गेली पाहिजे. मी चाळणीजवळ जायचं नाही. तोंडाला रुमाल नाही, खरा मास्क. दर तीन महिन्यांनी नळीत फुंकायचं, आणि आकडा उतरला तर त्या दिवसापासून शटर खाली. शांताबाईंनाही तपासणीला आणायचं. मी सगळ्याला हो म्हटलं. आमचे हे ऐकत उभे होते. त्यांनी मशीन बघून गेलेल्या माणसाला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं.

उदबत्ती

आळेफाट्याला एक फॅब्रिकेशनवाला आहे, नितीन. पिठाच्या गिरण्यांना, पशुखाद्याच्या कारखान्यांना पत्र्याच्या नळ्या बसवतो. तो आला, मला शटरबाहेर खुर्चीवर बसवलं, आत जाऊन आधी पोतं उपटलं. त्यातून जे पडलं ते बघून शांताबाई म्हणाल्या, "आगं बया, हे एवढं?"

त्यानं पंखा चालू केला, खिशातून उदबत्ती काढून पेटवली आणि मशीनच्या उखळाजवळ धरली. धूर वर गेला, मी जिथं उभी राहायची तिथून, बरोबर तोंडाच्या उंचीवरून, मागच्या भिंतीकडे वळला आणि पंख्याकडे निघाला.

"बघा ताई," नितीन म्हणाला, "पोतं नसतं तरी तुमी वाचला नसता. पंखा तुमच्या मागं. धूळ तुमच्या नाकाम्होरनंच जाणार. हवा ओढायची ती तुमच्यापासनं लांब ओढायची, तुमच्यावरनं न्हाई. आन् बाहेर घालवायची म्हणल्यावर आत यायला बी वाट लागती. शटर ओढून घेतलं की पंखा नुसता गरगरतो, ओढणार काय, कपाळ?"

इतकी साधी गोष्ट. सोळा वर्षं कुणी सांगितली नव्हती, आणि मीही एका उदबत्तीइतका विचार केला नव्हता.

त्यानं उखळावर आणि चाळणीवर पत्र्याचं टोपडं बसवलं, खाली वाकवलेलं, पुढून हात जाईल एवढंच उघडं. चाळणी हलवायला बाहेरून दांडा. टोपड्यापासून पत्र्याची नळी वर, आणि मोठा पंखा गाळ्याच्या बाहेर. पंख्याच्या अलीकडे जाड कापडाची उभी पिशवी, धूळ त्यात अडकावी आणि चांगली हवाच बाहेर पडावी म्हणून. पुढं शटरच्या बाजूला खाली जाळीची खिडकी, ताज्या हवेला. अडचण एकच, नळी न्यायची तर शेठच्या पत्र्यावरून.

मी शेठकडे गेले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मंदाताई, परत बोळात खकाणा आला तर माझं गिऱ्हाईक पळंल."

मी म्हटलं, "शेठ, पोतं कोंबलं तवा तुमी माझं आभार मानलं व्हतं. ध्यानात हाय?"

त्यांच्या पत्नी आतून पाणी घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आमाला शिंका नकोत म्हणून तिनं छातीत भरून घेतलं. न्या वैनी, कुठनं पाह्यजेल तिथनं न्या." नळी गेली. पुन्हा उदबत्ती धरली, तर धूर उखळातूनच आत टोपड्यात सटकन गेला, बाहेर एक रेघ आली नाही. मी शटरबाहेरून टाळ्या वाजवल्या.

हंगाम

आता वाटेल, की सगळं छान झालं. नाही झालं. पुढच्या होळीला कांडप सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी बायकांनी टोपडं बघितलं. मसाला पत्र्याखाली, डोळ्यांना दिसेना. वर पंख्याचा जोर. आणि घट वाढलेली, चमचा-दोन चमचे का होईना, पण वाढलेली. मी लपवलं नाही. मी प्रत्येकीला सांगत होते, एवढी घट होणार, पटलं तर थांबा. निम्म्या बायका उठून गेल्या. एक जाताना म्हणाली, "टीबी बी हाय म्हनं, वर मसाला बी कमी." मी मास्कमधूनच ओरडले, की न्हाई मला टीबी, कागद दाखवू का? तिनं मागं वळून बघितलं नाही.

त्याहून लाजेची गोष्ट पुढची आहे आणि ती मी सांगणारच. हंगामाच्या मध्यावर माझ्या मैत्रिणीचा मसाला आला. लेकीला सासरी पाठवायचा होता, कमी भरून चालणार नव्हतं. तिनं नुसतं पंख्याकडे बघितलं. आणि मी, अकरा दिवस नळी लावून पडलेली बाई, उठले आणि पंखा बंद केला. पाचच मिनिटं म्हणून. मग ती पाच मिनिटं दुसरीसाठी झाली, तिसरीसाठी झाली. तीन आठवड्यांत संध्याकाळचा ताप परत आला. पुण्याला जाऊन फुंकलं तर आकडा उतरलेला. डॉक्टर बाईंनी एकच विचारलं, "पंखा कोण बंद करतं?" त्यांना ते माहीत होतं.

ठरल्याप्रमाणे शटर खाली गेलं. भर हंगामात, बंद. दीड महिना मी घरात बसून स्वतःला जेवढं ओळखलं, तेवढं चाळीस वर्षांत ओळखलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं, की मला मिरचीनं आजारी पाडलं नाही. "मंदा कुणाचं चिमूटभर ठेवत न्हाई" हे ऐकायची जी चटक होती, तिनं पाडलं. आणि ती चटक अजून गेलेली नाही. समोर बाई बसली आणि तिनं तोंड पाडलं, की माझा हात बटणाकडे जाणारच. मला माझा भरवसा नव्हता.

आकडा सुधारल्यावर मी वायरमनला बोलावलं. त्याला म्हटलं, पंख्याचं वेगळं बटण काढून टाक. मशीन आणि पंखा एकत्र जोड, दोन्हीला मिळून बंदचं लाल आणि चालूचं हिरवं, एवढीच बटणं ठेव. पंखा फिरला तरच मशीन फिरलं पाहिजे. तो म्हणाला, "वैनी, पंखा बिघडला तर धंदा बंद पडंल." मी म्हटलं, पडू दे.

इंदूवन्सं

या वर्षी इंदूवन्सं मसाला घेऊन आल्या. मला वाटलं नव्हतं. बाजाराचा दिवस, गाळ्याबाहेर रांग. मी पुढं खिडकीजवळ काट्यावर, शांताबाई मास्क लावून मशीनवर. शांताबाईंचा आकडा चांगला आहे, तेवढं देवानं राखलं. वन्सं टोपड्याजवळ जाऊन वाकून वाकून बघत होत्या. मिरची निम्मी कांडून झाली होती. मग त्यांनी हाक मारली.

"मंदे, माझ्यापुरता तेवढा पंखा बंद कर की गं. घरचीच हाय मी, परकी न्हाई."

रांगेतल्या बायका बघायला लागल्या. सहा वर्षांपूर्वी अशाच बघत होत्या. माझ्या हाताला आतून ओढ लागली, हे खरं सांगते.

"तुमीच करा वन्सं," मी म्हटलं. "त्या तिथं बटण हाय. लाल."

त्या ठसक्यात गेल्या आणि लाल बटण दाबलं. पंखा थांबला. त्याबरोबर मशीन थांबलं. लोखंडी मुसळं वरच्या वर राहिली.

कांडपात इतकी शांतता भर हंगामात कधी नसते. वन्संनी बटणाकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. "हे काय? मशीन कशापाई बंद?"

मी त्यांना समजावायला म्हणून उठले आणि चार पावलं चालत गेले. फक्त चार पावलं. आणि त्या शांततेत माझा श्वास सगळ्यांना ऐकू आला. आत घेताना बारीक कुरकुर, सोडताना शिट्टी. जो भाग कडक झालाय, तिथली ही कुरकुर आता जायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंच आहे. मशीनच्या आवाजात तो कुणाला कधी ऐकू गेला नव्हता. रांगेतली एक बाई दुसरीला काही सांगत होती, ती मध्येच थांबली. वन्सं माझ्या छातीकडे बघत राहिल्या. मला दम खायचा होता, मी तशीच उभी राहिले, घेत, सोडत. लाज वाटली नाही. ऐका म्हटलं मनात, पोटभर ऐका.

वन्संनी पदरानं तोंड पुसलं. मग त्यांनीच हात लांब करून हिरवं बटण दाबलं.